बारा बटनांचा डबा

काम सुरळीत झालं तर सांगण्यासारखं काही उरत नाही. बिघडलं की किस्सा होतो. आमचं एक काम महिनाभर रोज बिघडत होतं, त्यामुळे माझ्याकडे किस्से भरपूर! मी ते हसून सांगतो, लोकही हसतात. सांगून झाल्यावर मला मात्र बरं वाटत नाही.

अंबाजोगाईत शिवलिंगअप्पांचं नळ-पाइपचं दुकान आहे. मागे त्यांचं घर, वरच्या मजल्यावर आमचं वर्कशॉप. आम्ही म्हणजे दोघंच. सलीमभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, सोल्डरिंग त्यांच्याकडे. चिपमधला प्रोग्रॅम माझ्याकडे. मोटारीच्या स्टार्टरचे बोर्ड बनवून आमचं भागतं.

एके दिवशी अप्पा वर आले आणि उभ्यानंच म्हणाले, "गळ्यात गाठ हाय. डॉक्टर म्हनले, ऑपरेशन केलं तर जीव राहील, आवाज न्हाई."

ऑपरेशनला महिना होता. सलीमभाईच आधी बोलले, "आपुन डबा बनवू! बटन दाबलं की अप्पा बोलतेत, अप्पांच्याच आवाजात."

मोबाईल अप्पांना नको होता. "बोट ठिवलं की भलतंच उगडतंय त्याच्यात." म्हणून बारा बटनं, बारा वाक्यं. डबा वायरनं कम्प्युटरला जोडला की तो पेन ड्राइव्ह म्हणून दिसायला हवा, म्हणजे घरातल्या कोणालाही त्यात आवाजाची फाईल टाकता येईल. चिपला पेन ड्राइव्हचं सोंग शिकवायचं, एवढंच माझं काम. एवढंच!

*

पहिला आठवडा कम्प्युटर एकच सांगत होता, हे उपकरण ओळखता येत नाही.

अप्पा रोज जिन्यावर बसून बघायचे. एकदा म्हणाले, "काय म्हनतंय ते?"

"ओळखत नाही म्हणतंय, अप्पा."

"मंग सांग की त्याला, आपल्या दिंद्रुड गावचा हाय म्हनावं!"

आम्ही दोघं हसलो. अप्पांनी गळ्यावरून हात फिरवला आणि खाली गेले.

*

एकदाचा डबा ओळखला गेला, तर आतली जागा चुकीची दाखवायला लागला. चिप बोटाच्या नखाएवढी, आणि कम्प्युटर म्हणतोय की यात अख्ख्या जिल्ह्याची कागदपत्रं मावतील! मी आकडा उलट्या बाजूनं पाठवत होतो. चूक माझीच.

सलीमभाई म्हणाले, "राहू दे बे तसंच. अप्पा, लई जागा हाय, काय बोलायचं ते बोलून घ्या!"

अप्पा मुळात कमी बोलणारे. ते म्हणाले, "एवडं न्हाई माज्याकडं बोलायला."

सलीमभाईंनी उगाच सोल्डरचा एक चांगला जोड पुन्हा तापवला.

*

मग रेकॉर्डिंग. माईक समोर आला आणि अप्पा सभेत उभे राहिल्यासारखे बोलले, "कृपया मला पाणी द्यावे."

अप्पांच्या बायकोला, काकूंना ऐकवलं. त्यांनी सलीमभाईंकडे बघितलं. "ह्यो कोन मानूस हाय?"

"भाभी, आपले अप्पा!"

"ह्ये न्हाईत. ह्ये असं कवा मागतेत? ह्यांच्यापुढं तांब्या रिकामा ठिवा, मंग भरा मशीन."

खरंच तसं केलं. दहा मिनिटांनी अप्पा वैतागले, "आरं, पानी दिता का न्हाई?" ते भरलं. काकू दोनदा ऐकून गेल्या आणि जाताना पदरानं डोळे पुसले. सलीमभाई माझ्यावर खेकसले, "बघत कावून बसला? पुडचं घे!"

*

अकरा वाक्यं झाली. बारावं बटन अप्पांनी मोकळं ठेवायला लावलं. "ते मी भरतो," म्हणाले.

ऑपरेशनला चार दिवस राहिले होते आणि फाईल डब्यात जायला फार वेळ लागत होता. मी एक हुशारी केली. कम्प्युटरकडून फाईल आली की चिप लगेच सांगणार, "लिहिलं." प्रत्यक्षात मागाहून सावकाश लिहिणार. सगळं एकदम झटपट वाटायला लागलं!

सलीमभाईंनी विचारलं, "आन मदीच कुनी वायर काढली तर?"

"कोण काढतंय?" मी म्हणालो.

हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अप्पा वर आले. "तुमी दोघं खाली जा."

कसं भरायचं ते मी त्यांना शिकवलं होतं. आम्ही दुकानात गिऱ्हाईक बघत बसलो. अर्ध्या तासानं अप्पा डबा घेऊन उतरले, वायर नीट गुंडाळलेली. कोणी ऐकू नये म्हणून कम्प्युटरमधली फाईल पुसून टाकली होती. पुसायचंही मीच शिकवलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात काकूंनी बारावं बटन दाबलं. आवाज नाही.

डबा वर आणून उघडला. फाईलचं नाव होतं, लांबी होती, अठरा सेकंद. आत सगळी शून्यं. वायर निघाली तेव्हा चिपनं नुसतं नाव आणि लांबी लिहिली होती, आवाज अजून रांगेत होता. दोन दिवस कम्प्युटर खरवडला, काही हाती लागलं नाही. मी खोटं बोलणारी चिप बनवली होती, आणि ती नेमकी तिथं खोटं बोलली.

काय बोलला होता ते लिहून द्या म्हणून अप्पांसमोर वही ठेवली. त्यांनी ती मिटून माझ्या हातात परत दिली.

काकूंना मी सगळं सांगितलं. शिव्या मिळतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती येळ बोलले म्हनला?"

"अठरा सेकंद."

"अठरा?" त्या म्हणाल्या. "एवडं एका दमात तर लगीन झाल्यापासून बोलले न्हाईत."

*

चिप मी दुरुस्त केली. आता ती आधी लिहिते, मग सांगते. हळू चालते, चालू दे.

महिन्याभरानं काकू जिना चढून वर आल्या. "बारा नंबर मोकळाच हाय नव्हं? मी भरते. तुमी दोघं खाली जा."

आम्ही गेलो. त्यांनी काय भरलं ते विचारायची हिंमत झाली नाही.

अप्पांनी काकूंना कधी नावानं हाक मारलेली आम्ही ऐकली नव्हती. ते गल्ल्यावरून खोकायचे, काकू घरातून बाहेर यायच्या. आता ते खोकणंही गेलं होतं.

परवा दुपारी मी दुकानात उभा होतो. अप्पा गल्ल्यावर बसले होते. त्यांनी डबा पुढं ओढला, बोटानं चाचपून शेवटचं बटन दाबलं. डब्यातून काकूंचा आवाज आला, "महानंदा, जरा हिकडं ये गं."

आणि आतून काकू ओरडल्या, "आले की ओ!"