जिनच्या पडवीतली झोळी

पन्नास सालानंतरच्या त्या दिवसांत आमच्या नाचणगावात बाळंतपणाची रजा मिळालेली बाई माझ्या माहितीत एकच, माझी आई. ती शाळेत मास्तरीण होती. धाकटा भाऊ झाला तेव्हा तिला पगारी रजा मिळाली, याचं आळीतल्या बायकांना कोण अप्रूप! "पोट्टं झालं म्हून पैसे भेटते, हे खरं हाये का?" एवढंच विचारायला काहीजणी घरी येऊन गेल्या. बाबांना रजाबिजा नव्हती. ते जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, यंत्रांना तेलपाणी करायचे. जिन चालायचं कापसाच्या हंगामापुरतं. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत बाबा घरीच. "तुले सरकार सुट्टी देते, मले कपाशी देते," असं ते आईला चिडवत.

आईची रजा संपली तसा बाबांनी भाऊ ताब्यात घेतला. न्हाऊमाखू घालणं, लंगोट धुणं, दृष्ट काढणं, सगळं त्यांच्याकडे. अल्लीपूरहून आलेल्या आत्यानं विहिरीवर लंगोट पिळणारा आपला भाऊ पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"दादा, लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, सोच्छ धुते."

आत्या फुगून बसली. पण पोर घेऊन बाबा पाटाशी आले की भाकरी आधी त्यांनाच वाढायची.

दिवाळी झाली, जिनचा भोंगा वाजला आणि पेच पडला. आता पोराचं काय? आत्याचं उत्तर तयार होतं : मास्तरणीनं घरी बसावं. आईची नोकरी अजून कायम झाली नव्हती. एकदा सोडली की गेलीच. मॅट्रिकपर्यंत शिकायला तिनं माहेरी काय भांडणं केली होती, ते आम्हांला तोंडपाठ होतं. दोन दिवस तिचं जेवणावर मन नव्हतं.

जिनमध्ये कापूस वाहणाऱ्या बायका आपली तान्ही बरोबर आणत. मागच्या पडवीत वाशांना लुगड्यांच्या झोळ्या बांधायच्या आणि आळीपाळीनं एकेकीनं सगळ्यांना झोके द्यायचे, ही तिथली जुनी रीत. बाबांनी आईचं जुनेर काखोटीला मारलं, पोर खांद्यावर घेतलं आणि त्या रांगेत आपलीही झोळी बांधली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. जिनचे मालक शेठजी लगबगीनं आले.

"अरे, ये क्या तमाशा है? पोरं बायकांनी आणायची!"

"शेठजी, झोळीत पोट्टंच हाये ना? मंग कोनं आनलं, याच्यानं काय होते?"

शेठजी पुटपुटत माघारी वळले. ऐन हंगामात हाताखालचा जाणता माणूस घालवायला ते काही खुळे नव्हते. झोळी राहिली. शाळा जिनच्या भिंतीला लागूनच होती. मधल्या सुट्टीत आई पळत यायची आणि भावाला पाजून पळत जायची.

पुढं एक गंमत झाली. भावाला यंत्रांच्या घरघराटाची इतकी सवय लागली की रविवारी जिन बंद असलं, तर हा डोळे टक्क उघडायचा आणि टाहो फोडायचा. आई गोड आवाजात अंगाई म्हणायची, तो आणखी चेकाळायचा. मग बाबा त्याला छातीशी धरून घशातून "घर्रर्र, घर्रर्र" करायचे, मध्येच पट्टा निसटल्यासारखा "फट्" आवाज काढायचे. पोर गाढ झोपेत! आम्ही हसून लोळायचो, शेजारीही ऐकायला यायचे.

एका रविवारी मात्र आई हसली नाही. तिनं हात पुढे केले, तर भाऊ तोंड फिरवून बाबांच्या गळ्याला बिलगला. आई तिथंच खाली बसली.

"सोडून देऊ का नोकरी? माह्यंच पोट्टं मले परकं करून राह्यलं."

बाबांनी भावाला एका मांडीवर घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही झाली तवा जिन दिवसरात चालू होतं. मी जाये तवा ही झोपलेली, येये तवाबी झोपलेली. मले पाह्यलं का भोकाड पसरे. शेजाऱ्याकडे जाये, माह्याकडे नाई. लय वाईट वाटे मले. पन तवा मले कोनी म्हनलं नाई, का जिन सोडून दे म्हून. तूबी नाई."

मला हे कुणी कधीच सांगितलं नव्हतं. मी उठले आणि चांगली घोडी झालेली असूनही बाबांच्या मोकळ्या मांडीवर जाऊन बसले. सोमवारी आई शाळेत गेली, आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिली.