तेल दिलेलं दार

माझा मामा प्राणिसंग्रहालयात पिंजरे झाडायचा, जनावरांना मांस घालायचा आणि लोकांशी भांडायचा. कुणी जॅग्वारला बिबट्या म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "अहो, अंगावरची फुलं बघा. फुलांच्या आत पुन्हा ठिपके आहेत. बिबट्याला असतात का?" लोक बिचारे पोरांना घेऊन पुढे सरकायचे.

त्या जॅग्वार मादीला तो बाईसाहेब म्हणायचा. नवी होती तेव्हा ती त्याला बघताच जाळीवर झेप घ्यायची. मामानं घाई केली नाही. रोज दुपारी आपला डबा घेऊन जाळीपासून चार हात लांब बसायचा आणि तिच्याकडे न बघता जेवायचा. असे आठ महिने गेले. मग एक दिवस करवतीनं लाकूड कापल्यासारखी खरखर ऐकू आली. बाईसाहेब बोलल्या होत्या. पुढे पुढे बादली वाजवून त्यानं "या बाईसाहेब" म्हटलं की ती हौदातून निथळत यायची. मामी म्हणायची, "मी हाक मारली की कान बंद. तिथं मात्र नुसत्या गुरगुरण्याला ओ देतात."

मग तिथल्या डॉक्टरांनी एक लोखंडी पेटी आणली. "दात तपासायचाय. बेशुद्ध करायला नको. तुमच्या हाकेनं आत जाईल अशी सवय लावा."

मामा खुलला. दोन महिने त्यानं दार उघडं ठेवून पेटीतच मांस घातलं. वरून सरकणारं ते दार करकरायचं आणि बाईसाहेब दचकायच्या, म्हणून मामीच्या शिलाई मशीनचं तेल नेऊन त्यानं खाचेत घातलं. मामी घरभर बाटली शोधत होती.

ठरल्या दिवशी मामानं हाक मारली. ती आत गेली. दोर त्यानंच सोडला. दार जराही आवाज न करता खाली आलं. तिनं खाणंसुद्धा थांबवलं नाही. तेवढ्यात मागच्या फाटकातून ट्रक आत आला. तिला दुसऱ्या शहरात पाठवायचं तीन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. मामाला कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती.

"आधी सांगितलं असतं, तर तुम्ही हाक मारली असती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मारली असती. आणि ट्रकमध्ये तिच्याशेजारी बसलो असतो."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. मला अजून त्या डॉक्टरांचा राग येतो. मामाला मात्र स्वतःच्या हातांचा यायचा.

महिन्याभरानं तिकडून फोन आला. ती संध्याकाळी आतल्या खोलीत येत नव्हती, नीट खातही नव्हती. तुमचा आवाज पाठवा, म्हणाले. मामीनं मिक्सर बंद केला, आणि मामानं ओट्याशी उभं राहून फोनसमोर बादली वाजवली. "या बाईसाहेब." नंतर दोन दिवस फोन त्याच्या हातातून सुटला नाही.

तिसऱ्या दिवशी तिथला रखवालदार बोलला. "काका, आवाज लगेच ओळखला तिनं."

"आली आत?"

"नाही. उठून पार लांबच्या कोपऱ्यात गेली. आता बादली वाजली तरी तिथून हलत नाही."

 मामा म्हणाला, "तो आवाज पुसून टाका. पुन्हा ऐकवू नका तिला."