बियाण्याचा डोह

"हात काढ पाण्यातून! घाण होईल ते."

कॉलेजचे सर ओरडले तेव्हा माझा हात काचेच्या पेटीत होता. मुरी, म्हणजे पट्ट्यांचा बोटाएवढा मासा, पाठ फिरवून बसली होती. फोटोसाठी तिला वळवत होते मी. पाणी आमच्याच ओढ्याचं. मासा याच हातांनी धरलेला. त्यांच्याबरोबरची पोरं हसली. सरांनी ते पाणी ओतून दिलं आणि नवं आणायला मलाच पिटाळलं. मी आणलं.

आम्ही कातकरी. कर्जतच्या वर, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. कर्जतपासून खालापूरपर्यंत कोणता मासा कुठल्या ओढ्यात राहतो, याचा नकाशा सरांना करायचा होता. मी मजुरीवर वाट दाखवत होते.

उन्हाळ्यात ओढा आटतो. एका डोहात तेवढं पाणी उरतं. तिथं वाडीतलं कुणी जाळं टाकत नाही, घरात कालवणाला काही नसलं तरी. "बी हाय ते," आई म्हणायची. पावसात तिथलेच मासे चढतात, ओढा भरतो, मग आम्ही खातो. सर म्हणाले, "नकाशावर आला की तुमचा डोह वाचेल." मी दाखवला.

पुढच्या उन्हाळ्यात टेंपो आला. आलेल्या माणसांच्या मोबाइलवर सरांनी इंटरनेटवर टाकलेला नकाशा, आमच्या डोहावर लाल ठिपका. शहरात शोभेच्या पेट्यांसाठी मुऱ्यांना गिऱ्हाईक असतं म्हणे. आम्ही आडवे गेलो, तर ढकलून दिलं. पंप लावून डोह उपसला. मासे पिशव्यांत भरून शिळफाट्याकडे गेले, उरलेले चिखलात मेले. त्या पावसात ओढ्याला पाणी आलं, मासा आला नाही. आई रिकामी टोपली घेऊन परत यायची.

पाऊस सरल्यावर सर परत आले. डोहाच्या काठी बसले, पाण्यात हात घालून ढवळत राहिले.

"इथे काहीच दिसत नाही गं. अजून असा एखादा डोह असेल ना? दाखव. तुमच्याच भल्यासाठी आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हात काढा पान्यातनं."

"काय?"

"हात काढा. नाय दाखवत."

"तुला कळत नाही यातलं."

"तुमी जावा, सर."

त्यांनी हात काढला.

वर दाट रानात आणखी एक डोह आहे. संध्याकाळी वाडीतल्या बायकांना गोळा करून मी सांगितलं, तो कुणाला दाखवायचा नाही. गोड बोलणाऱ्याला तर नाहीच. तिथलं थोडं बी हंड्यांतून खाली आणायचं, आपल्या डोहात सोडायचं. टेंपो आला तर सगळ्यांनी चाकापुढं बसायचं, मी पहिली.

सरांच्या नकाशात ती वरची जागा कोरी आहे. मी जिवंत आहे तोवर कोरीच राहणार.