आई घेत नव्हती ते नाव

भावाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. शाळा उल्हासनगरला, घर अंबरनाथला, रोजचं जाणं-येणं. "ताई, ठरलं," तो म्हणाला. "बाबांचंच नाव ठेवायचं. तू आत्या, कानात तूच सांगायचंस. आणि भिंतीवर लावायला थर्माकोलची अक्षरं तुमच्या उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून घेऊन ये. तिकडे चांगली कापून देतात."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. हातातलं पुस्तक भलत्याच खणात गेलं. ते काढलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

बाबा दिवाळीनंतर गेले. भावजयीला तेव्हा दिवस गेलेले होते आणि बाबांना ते माहीत होतं, एवढं समाधान. उन्हाळ्यात बाळ आलं. तेव्हापासून जो येईल तो पाळण्यात वाकून आमच्या बाबांना शोधत होता. कुणाला कान दिसले, कुणाला कपाळ. आईची बहीण चामटोलीहून आली आणि बाळाच्या पायाची करंगळी धरून म्हणाली, "तोच हाय. आला परत." आई तिथेच लंगोट घड्या करत बसली होती. ती म्हणाली, "त्यांना यायचा असता तर चप्पल घालून आले असते." सगळे हसले. मीही हसले, पण ती करंगळी मीसुद्धा आधीच पाहून ठेवली होती.

मला ते नाव हवं होतं. भावापेक्षा जास्त हवं होतं, असंही म्हणता येईल. लग्न झालं तेव्हा माझ्या नावाच्या मधोमध असलेले बाबा निघाले आणि तिथे नवऱ्याचं नाव आलं. सगळ्याच बायकांचं होतं तसं. तेव्हा मला काही वाटलंही नव्हतं. बाबा गेल्यावर मात्र कळलं की त्यांचं नाव उच्चारायला मला आता काही निमित्तच उरलेलं नाही. भावाला कुठेही पूर्ण नाव विचारलं की ते येतात. मला विचारलं की येत नाहीत. आता निदान भाच्याला हाक मारता येईल, ये रे, जा रे, जेवलास का रे. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. वाचनालयात काम करून करून गप्प राहण्याची सवय लागते, आणि मला ती आधीपासूनच होती.

पण फोननंतरची बेचैनी या सुखाची नव्हती. ती आईमुळे होती.

आईने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. ती चामटोलीच्या शेतकरी घरातली. तिच्या आईनेही आपल्या नवऱ्याचं घेतलं नव्हतं. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारच्या बायका पुढे पुढे नवऱ्याला नावाने बोलवायला लागल्या, पण आईचं "अहो" आणि "हे" कायम राहिलं. रेशनच्या दुकानात किंवा दवाखान्यात कुणी "मिस्टरांचं नाव?" विचारलं की ती माझ्याकडे बघायची, आणि मी सांगायची. शाळेतली मुलगी मी, चढ्या आवाजात, अभिमानाने. घरात ते नाव तिच्या तोंडून फक्त उखाण्यात यायचं, तेही इतक्या घाईने की पाठीमागच्या बायका "ऐकू नाही आलं, परत, परत" करून तिला सतवायच्या. ती लाजून पदर तोंडाशी धरायची आणि परत काही घ्यायची नाही.

आता बाळाला तेच नाव म्हणजे तिने काय करायचं? घरात दिवसभर बाळ तिच्याच मांडीवर. ती त्याला "पावण्या" म्हणायची. पाहुणा. "काय पावण्या, झोप झाली का?" भावाला वाटत होतं, नाव ठेवल्यावर ती आपोआप घेईल, तेवढंच तिचं दुःख हलकं होईल. मलाही तसं वाटून घ्यायचं होतं.

बारसं रविवारी बदलापूरला, भावाच्या घरी. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी कॅम्प दोनच्या बाजारात गेले. डेकोरेशनचं सामान विकणाऱ्या एका सिंधी काकांकडे अक्षरं कापायला दिली. त्यांनी नाव वाचलं आणि चष्मा वर केला.

"दीदी, रिटायरमेंट का फंक्शन है?"

"नाही, बारसं. नामकरण."

"बच्चे का नाम ये?" ते हसायला लागले. "ये तो दादाजी वाला नाम है।"

"दादाजी का ही है। वो अब नहीं हैं।"

त्यांचं हसू थांबलं. "अच्छा, अच्छा. वाधायूं दीदी, बधाई हो. चमकी डालूँ?"

मी नको म्हणायच्या आत त्यांनी सोनेरी चमकी मारायला घेतली होती. बाबांनी आयुष्यात पांढरा आणि राखाडी सोडून दुसरा शर्ट घातला नव्हता. त्यांचं चकाकणारं नाव प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी रिक्षात बसले. प्रत्येक खड्ड्याला आत अक्षरं एकमेकांवर घासून किरकिरत होती. मी पिशवी मांडीवर घेतली, मग बाजूला ठेवली, मग पुन्हा मांडीवर. घरी आल्यावर कुठे ठेवू ते कळेना. जमिनीवर नको वाटली, पलंगाखाली तर नाहीच. शेवटी देव्हाऱ्याशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि स्वयंपाकाला लागले. दोन वेळा बाहेर येऊन पाहिलं.

शनिवारी दुपारी बदलापूरला पोचले, तर भाऊ वाटच बघत होता. त्याने लगेच अक्षरं काढली आणि हॉलच्या भिंतीवर पाळण्याच्या मागे लावायला घेतली. आई स्वयंपाकघराच्या दारात आली, भिंतीकडे पाहिलं आणि आत गेली. मीही तिच्यामागे आत गेले.

घुगऱ्यांचे हरभरे भिजत होते. ती त्यातले खडे आणि न फुगलेले दाणे वेचून काढत होती. मी समोर बसून वेचायला लागले.

"आई, नाव ठेवल्यावर तू त्याला काय हाक मारणार?"

"पावणा."

"शाळेत जायला लागला तरी पावणाच?"

"मग काय झाला? शाळेतसुद्धा पावणेच जातात. शिकून निघून जातात."

"अगं, घरात हाक मारायला दुसरं ठेवतात ना. पाळण्यातलं एक, घरातलं एक. आपण तुझ्यासाठी ठेवू."

तिने एक दाणा दाताने फोडून पाहिला आणि टाकून दिला. "माझ्यासाठी ठेवशील. बाकीचे? तो उद्या भिंतीवर रेघोट्या मारणार, जेवताना सांडणार. त्याची आई त्याला ते नाव घेऊन ओरडणार. शी केलीस का, थोबाड फोडू का, ते नाव घेऊन. आणि मी हितं उभी राहून ऐकू?"

मला हसू आलं. तिला आलं नव्हतं, म्हणून मी आवरलं.

"तुला नको आहे का हे नाव?"

"मना कोण विचारतंय?"

"मी विचारते."

तिने दोन खडे बाजूला काढले. मग खाली बघूनच बोलली. "आता मना कोण उखाणा घे म्हणत नाय. म्हणणार पण नाय. त्यांच्यासाठी करायचा काय राहिलाय? डबा नाय, गोळ्या नाय, शर्टाला इस्त्री नाय. एक नाव घेत नाय, तेवढाच राहिलाय. लग्न झाल्यापासून घेत नाय. ते नाव घरभर ओरडायला लागले तर माझ्यापाशी काय?" आणि मग, दाण्यांचं पातेलं माझ्याकडे सरकवत, "पण तुमचा बाप आहे. तुम्हाला ठेवायचा तर ठेवा. मी नाय बोलणार कायच."

मी हात धुतले आणि बाहेर पडले. भावाला म्हटलं दूध आणते, आणि बिल्डिंगला फेऱ्या मारत राहिले. दूध घरात होतं हे मला माहीत होतं.

आईने "थांबव" म्हटलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर उद्या सगळं आपसूक झालं असतं, आणि कुणी माझ्याकडे बोट दाखवलं नसतं. मी मनात भाच्याला ती हाक मारून पाहत होते. खाली सायकल खेळणारी पोरं एकमेकांना नावाने शिव्या घालत होती. एकाचं नाव त्याच्या आजोबांवरूनच असावं, तसलं भारदस्त होतं, आणि बाकीचे त्या नावाला चिरडून, त्यात घाण शब्द मिसळून त्याला बोलावत होते. मी दूधवाल्याच्या दुकानापर्यंत जाऊन परत फिरले. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "मॅडम, कोणी पाहिजे का?" मी नाही म्हटलं, आणि वर आले. मला कोण पाहिजे होतं ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

भावजय आतल्या खोलीत बाळाला पाजून बसली होती. मी दार लोटलं आणि तिला एकदम विचारलं, "तुला काय ठेवायचं होतं?"

ती घाबरली. "ताई, जे ठरलंय ते छानच आहे."

"ठरायच्या आधी?"

तिने दाराकडे पाहिलं आणि हळूच एक नाव सांगितलं. छोटंसं, दोन अक्षरांचं, आत्ताच्या मुलांची असतात तसं. "पण हे म्हणाले आईंना तेच हवंय. आईंना हवं असताना मी नको कसं म्हणू?"

"आईला विचारलं होतं कुणी?"

"ह्यांनी विचारलं असेल ना."

भावाने विचारलं नव्हतं. तो स्टुलावर चढून शेवटचं अक्षर चिकटवत होता, तिथेच मी त्याला आईचं म्हणणं सांगितलं. आधी त्याला खोटं वाटलं. मग तो स्टुलावरूनच ओरडला, "आई! तुला नकोय का हे नाव? मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आई आतून म्हणाली, "तू विचारलास कवा? तू सांगितलास."

"सगळ्यांना कळवून झालंय! काका, मामा, ऑफिस, सगळे."

"मग परत कळव."

"आणि बाबांचं काय? बाबांचं काय राहणार या घरात?" त्याचा आवाज मध्येच फुटला. तो स्टुलावरून उतरला आणि गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. बाबा गेल्यावर सगळी धावपळ त्याने केली होती आणि त्यात त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं. आई बाहेर आली. ओले हात पदराला पुसत त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"तू आहेस की," ती म्हणाली. "तुझ्या नावात ते आहेत. ह्या पोराच्या नावात तू असशील. असाच चालतो ना? मध्येच उलटा कशाला फिरवतोस?"

त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. थोड्या वेळाने आत आला आणि भिंतीवरची अक्षरं काढायला लागला. एक मोडलं. मोडलेलं हातात घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि सगळी अक्षरं पिशवीत भरून माळ्यावर टाकली. भिंतीवर चमकी तेवढी राहिली. ती पुसून जाईना, म्हणून भावजयीने तिथे फुगे लावले.

"तुझ्या नावात ते आहेत," हे आईने त्याला सांगितलं. मला काय सांगितलं असतं, ते मी विचारलं नाही.

रविवारी घर बायकांनी भरलं. पाळणा फुलांनी सजवला, वरवंट्याला टोपडं घालून त्याला बाळासारखं पाळण्याखालून इकडून तिकडे दिलं-घेतलं. आई मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. पुढे ये म्हणून मी दोनदा खूण केली. ती आली नाही, मानेने नाही म्हणाली. विधवा बाईने अशा वेळी कुठे उभं राहायचं, ते तिने कुणी न सांगताच ठरवून टाकलं होतं.

मग मला पुढे ढकललं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी मागच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. सगळ्या जणी हात सरसावून उभ्या होत्या. "जोरात घाला गं, आत्या फार शिष्ट आहे," कुणीतरी म्हणालं.

मी वाकले. बाळाच्या कानाला तेलाचा आणि धुरीचा वास येत होता. तो कान जवळून पाहिला तर कुणासारखाच नव्हता. ओठांशी बाबांचं नाव आलं होतं. एकदा सांगितलं असतं तर कुणाला ऐकू गेलं नसतं, बाळाला कळलं नसतं. आधी ते, मग ठरलेलं, असं करता आलं असतं. मी तशीच वाकून राहिले. मागून "अगं, सांग की, नाव विसरलीस का?" सुरू झालं.

मी भावजयीने निवडलेलं नाव सांगितलं, आणि पाठीवर धपाटे बसले. बाळ दचकून रडायला लागलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धपाट्यांचं म्हणून खपलं.

घुगऱ्या वाटून झाल्या, बायका निघाल्या, तेव्हा कुठे आई हॉलमध्ये आली. बाळाला उचललं, उंच धरलं आणि त्याला नव्या नावाने हाक मारली. शेताच्या पलीकडच्या माणसाला मारावी तशी, खणखणीत. लगेच दुसऱ्यांदा, तेव्हा त्या नावाच्या शेवटी तिने एक "या" जोडून टाकला.

"आई, अहो, किती गोड नाव आहे, वाट लावलीत त्याची," भावजय हसत म्हणाली.

"हाक मारायला ठेवलाय ना? मग मारू दे." आणि बाळाला, "काय रे, माझ्या लुगड्यावर ओकलास? तुझा काय करू आता? थोबाड फोडू?"

भाऊ पाळणा सोडवत होता, तो हसला. आईने बाळ माझ्या मांडीवर दिलं.

"तू पण मार हाक. तू ठेवलास."

मी मारली. ती मलाच जेमतेम ऐकू आली. बाळ पंख्याकडे बघत होतं, बघतच राहिलं.

"अशी नाय गं बाय," आई म्हणाली. "जरा मोठ्यानं. पुस्तकांत बसून बोलतेस काय? त्याला कळला पाहिजे, आपल्याला बोलवतात."