अडीनडीचा डबा

लातूर जिल्हा झाला, किशनला नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि रेणापूरचं बिऱ्हाड लातुरात आलं. भांडीकुंडी टेम्पोत गेली. किशनची आई रुक्मिणबाई मात्र एसटीनं आली, मांडीवर तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घेऊन. रिकामा म्हणजे तेल नसलेला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, डबा टपावर टाका." तिनं त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा तिकीट फाडायचं विसरला.

हा तिचा अडीनडीचा डबा. बहात्तरच्या दुष्काळात घर सोडून खडीच्या कामावर निघाली तेव्हा हाताशी नऊ-दहा वर्षांचा किशन होता आणि पदरात काही नव्हतं. पोरगं वाटभर भुकेनं रडलं. ते रडणं तिच्या कानातून कधी गेलंच नाही. तेव्हापासून डब्यात माणशी एक पुरचुंडी असे: फुटाणे, गूळ, मिठाचा खडा. शिवाय काडेपेटी, मेणबत्ती, सुईदोरा. वेळ आली की ज्यानं त्यानं आपली पुरचुंडी उचलायची आणि निघायचं. कुठं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. दर अमावस्येला ती जुने फुटाणे बाहेर काढी आणि नवे बांधी. मग किशन आणि सून प्रयाग दोन दिवस सादळलेले फुटाणे चघळत बसत.

"आई, आपन आता जिल्ह्याच्या गावात हाव," किशन म्हणे.

"जिल्हा काय पानी पाडतो का रे?"

नाहीच पाडलं. दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला, नळ आठवड्यातून एकदा येऊ लागला आणि खरं सांगायचं तर रुक्मिणबाई जरा खुशीतच होती. सगळे हसत होते, आता हसा म्हणावं!

त्या अमावस्येला सकाळी तिनं डबा उघडला. घरात माणसं तीन, पुरचुंड्या चार. पुन्हा मोजल्या, चारच. एखादी कमी असती तर चोर म्हणून बोंब ठोकता आली असती. जास्त निघाली तर काय ओरडायचं? चौथीचं फडकं वेगळं, गाठही वेगळी. करणी! तिनं पुरचुंडी सांडशीत धरून अंगणात नेली, चपलेनं दोनदा बडवली आणि लांब उभं राहून काठीनं गाठ सोडली. लिंबू नाही, बिब्बा नाही. फुटाणे, गूळ आणि तपकिरीची पुडी.

घरात तपकीर कोणीच ओढत नव्हतं. दारात उभ्या प्रयागचे डोळे मात्र भरून आले होते.

"मायची हाय ती," ती म्हणाली.

प्रयागची आई नागाबाई लोह्याला एकटीच राही. तिथली विहीर आटली होती, म्हातारी दोन मैलांवरून पाणी आणत होती. प्रयागनं गुपचूप दोन कार्डं टाकली, इकडं ये म्हणून. पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही रीत म्हातारीनं घट्ट धरलेली. आणि सासूपुढं विषय काढायची प्रयागची छाती नव्हती.

"घर सोडून निघायची येळ आली तर तरी संगं येईल म्हनून बांधली, आत्याबाई. वाटंवर कुठं लेकीचं घर ऱ्हातंय?"

ज्या दिवसासाठी रुक्मिणबाई बारा वर्षं डबा भरत होती तो लोह्यात कधीच उगवला होता, आणि ती इथं खुशीत बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"दात किती हायत विहिणीला?"

"चार."

"आन् फुटाने बांधलीस? सातूचं पीठ बांधावं, येवढी अक्कल न्हाई." तिनं त्याच चपला पायात सरकवल्या. "किशनला सांग, मी लोह्याला गेले."

"आज अमावस्या हाय, आत्याबाई! आन् माय येनार न्हाई. लेकीचं घर..."

"लेकीचं?" रुक्मिणबाई गरकन वळली. "घर तुझं कवापासून झालं गं? घर माझं हाय. विहीण माझ्याकडं येऊन ऱ्हाईल. तुझा काय संबंध?"

हे घर तुझं नाही, असं सासूनं तोंडावर सुनावल्यावर आनंदानं हुंदके देणारी सून त्या नव्या जिल्ह्यात पहिलीच असावी.