सोला हॅट घालून मुलगी पाहायला

ऐका, चहा निवू द्या थोडा. एका कोटापायी मी माझी जमत आलेली सोयरीक कशी मोडायला काढली होती, ते सांगतो!

तेव्हा मी वाशिमला कापसाच्या एका जिनात कारकून होतो. वय सव्वीस, आणि तीन ठिकाणांहून नकार आलेला. चौथी मुलगी केनवडची. इथेही नकार आला तर मी पुन्हा तुझ्यासाठी कुणाच्या दारात जाणार नाही, असं मामांनी बजावलं होतं. म्हटलं, या वेळी छाप पडलीच पाहिजे! रहीमचाचांकडून खाकी कोट-पाटलोण शिवून घेतली, वर सोला हॅट चढवली.

"वल्लाह, बिलकुल साहब दिखते हो!" चाचा म्हणाले. माणूस खरं बोलत होता. तीच तर पंचाईत झाली.

मामांच्या बैलगाडीतून केनवडला निघालो. गावाजवळ मामा बैलांना पाणी पाजायला नाल्यावर थांबले. मला कुठला दम! निघालो पुढे, छाती काढून.

वेशीत शिरतो तर एक बाई किंचाळली, "पया वं, पया! टोच्या आला!"

टोच्या म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. तो यायचा असाच, खाकी कोट अन् सोला हॅट घालून. मग काय विचारता! पोरं काखेत मारून बाया ज्वारीत पळाल्या. धडाधड दारं लागली. उरलो मी आणि एक कुत्रं, तेही भुंकायला तयार नाही.

मुलीचं घर कसंबसं शोधलं. कडी वाजवली.

"घरात लेकरं नाईत!" आतून आवाज आला. अन् त्याच दमात आत तीन-चार लेकरं रडायला लागली.

"अहो, मी मुलगी पाहायला आलोय!"

"पोरीले टोचून झालं! दंडावर वण हाये तिच्या!"

आता बोला! शेवटी कोट काढला, हॅट त्यात गुंडाळून ओट्याखाली ठेवली आणि नुसत्या सदऱ्यावर पुन्हा कडी वाजवली. दार बोटभर उघडलं.

"साहेब गेले काय?" मुलीचे वडील कुजबुजले. "तू त्याइचा शिपाई न रे? ये, पानी पे. आज वाशिमचा पाहुना येनार हाये पोरीले पाह्याले, अन् हा टोच्या आजच कायले कडमडला?"

मी तांब्या खाली ठेवला. "तो पाहुणा... मीच."

"अन् साहेब?"

"तेही मीच."

आत बांगड्या वाजल्या आणि हसू फुटलं. मी लाजेने अर्धा झालो. संपलं! चौथा नकार! तेवढ्यात मामा आले आणि मला तसा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "कोट कुठं हाये लेका?"

वडील आत जाऊन आले. चेहरा गंभीर.

"पोरगी हो म्हनते. पन तो कोट अन् टोप इथंच ठिवून जा म्हनते. वावरात ज्वारीवर पाखरं लय बसून राह्यली. सारं गाव ज्याले भ्यालं, त्याले पाखरं बी भ्यातीन."

दिला की हो! आनंदाने दिला. बुजगावण्याला माझ्यापेक्षा बरा बसला म्हणे.

आठ दिवसांनी सासऱ्यांचं पत्र आलं. पाखरं काही भीत नाहीत, चिमण्या हॅटवरच बसून दाणे खातात. फसलं ते केनवड! चिमण्यांनी मात्र पहिल्या नजरेत ओळखलं, की या कोटाच्या आत कोणीच नाही.