दंडावरची पट्टी

मी कुरुळीत अंगणवाडी चालवते. चालवते म्हणजे उघडते, झाडते, पोरांची नाकं पुसते, खिचडी शिजली का बघते आणि शेवटी सरकारी मोबाइलवर सगळं नीट पार पडल्याचं भरते. गावात आता गावकऱ्यांपेक्षा भाडेकरू जास्त झालेत. लातूर, परभणी, बीडकडची माणसं चाकणच्या कंपन्यांत कामाला येतात आणि आमच्यासारख्यांनी बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. माझ्याकडे येतात ती बहुतेक त्यांचीच लेकरं.

आम्हाला एक पट्टी दिलेली असते. बोटभर रुंद, कागदासारखी पातळ, तिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल रंग. ती लेकराच्या दंडाला गुंडाळायची आणि खाचेत कोणता रंग येतो ते बघायचं. हिरवा आला तर ठीक, पिवळा आला तर लक्ष ठेवायचं, आणि लाल आला तर लेकरू वाळत चाललंय, दवाखान्यात न्यायचं. मोबाइलसारखी ती कधी बंद पडत नाही, म्हणून माझा तिच्यावर जीव आहे.

एकदा डाळ शिजत होती आणि मी फोन बघत बसले होते. गाझाचे व्हिडिओ बघायची मला सवयच लागली होती. का बघत होते ते मलाही नीट सांगता येणार नाही. नवरा म्हणायचा, "तू काय साऱ्या जगाचा ठेका घेतलाय का?" त्या दिवशीच्या व्हिडिओत तंबूत बसलेली एक बाई आईच्या मांडीवरच्या एका लहान मुलीच्या दंडाला पट्टी गुंडाळत होती. आमचीच पट्टी होती ती! तेच तीन रंग, तशीच खाच. पट्टी गुंडाळल्यावर ती फार आवळली तर नाही ना, हे त्या बाईनं बोट फिरवून बघितलं. मीही तसंच बघते. बाई काय बोलली ते मला कळलं नाही, पण खाचेतला लाल कळला. तेवढ्यात मदतनीस बाई ओरडल्या, "ताई, डाळ लागली खाली!" आणि मी उठले.

तोवर पडलेल्या इमारती आणि धूर बघून हळहळायचे, पण ते दुःख लांबच्यांचं होतं. पट्टी बघितल्यापासून ते माझ्याच खात्याचं झालं. तिथं ट्रक अडलेत, पीठ नाही, दूध नाही, हे ऐकलं की आधी रडू यायचं. मग राग यायला लागला. ज्यांच्या हातात सगळं आहे ते बैठका घेत होते, आणि मी कुरुळीत बसून दात-ओठ खात होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आभाळ फाटलंय ते. तू कुठं कुठं ठिगाळ लावतीस? आदी जेव." मी जेवले. जेवतानाही लाज वाटायची. पुढे पुढे तीही वाटेनाशी झाली, नुसता थकवा उरला.

अशातच आमच्या मागच्या चाळीतल्या एका मुलीच्या दंडाला पट्टी लावली आणि लाल आला. दीड वर्षाची पोर. मला काहीच वाटलं नाही. उलट मनात आलं, तिथल्यापेक्षा बरी आहे ही. या विचाराची मला जी भीती वाटली ती अजून गेलेली नाही. लाल बघून जिला काही वाटत नाही तिनं अंगणवाडीत बसू नये, एवढं मला कळत होतं.

म्हणून दुपारी तिच्या खोलीवर गेले. आई परभणीकडची, एका कंपनीत ठेकेदाराकडून पॅकिंगला. बाप पहिल्या शिफ्टला, आई दुसऱ्या शिफ्टला, त्यात दोघांचा ओव्हरटाइम. मधल्या वेळात पोर शेजारणीकडे. शेजारीण पोर रडली की चहात बिस्किट बुडवून द्यायची, नाहीतर चिप्सचा पुडा हातात. घरात डबाभर तांदूळ होता, डाळ होती. भरवायला हात नव्हता.

"पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागेल," मी म्हणाले. "पंधरा दिवस तिथं राहायचं. औषध, जेवण सगळं तिथंच. पण आई सोबत हवी."

"ताई, पंधरा दिस घरी बसले तर ठेकेदार दुसरी बाई उभी करतोय बगा. मग ह्या लेकराला काय खाऊ घालू?"

"आणि लेकरूच नाही राहिलं तर कुणाला खाऊ घालशील?"

हे मी बोलले आणि जीभ चावली. ती डबा भरत राहिली. आमच्या सुपरवायझर मॅडमना फोन करावा म्हणून मी उंबऱ्यावर बसून फोन काढला, तर तोच व्हिडिओ उघडा होता. मी पुन्हा पुन्हा बघायचे ना. तिची नजर त्यावर गेली.

"ही आपलीच पट्टी हाय की ओ."

तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि उभ्यानंच व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. तो दाखवायचा माझा विचार नव्हता. दुसऱ्याचं मरण दाखवून इथल्या बाईला भीती घालायची, हे मला पटलं नसतं. तिनं फोन परत दिला.

"तिची आई रडंना," ती एवढंच म्हणाली. पोर शेजारणीकडे देऊन कंपनीच्या बसला गेली.

दोन दिवसांनी खोलीला कुलूप दिसलं. शेजारणीनं सांगितलं, दोघी दवाखान्यात आहेत. मला वाटलं, चला, आपल्या हातून काहीतरी झालं. पण तसं काही नव्हतं. पोर रात्री तापानं फणफणली होती, म्हणून बापानंच उचलून नेलं होतं. माझं बोलणं आणि माझा फोन, दोन्ही त्यात कुठंच नव्हती. तरी मी हातातलं काम टाकून पिंपरीला गेले. बसमध्ये माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि त्याचंच मला बरं वाटत होतं. वॉर्डात पोर वाटीतलं पातळ खाणं गिळत होती, मध्येच थुंकत होती. आई तेच पुन्हा चमच्यात घेऊन भरवत होती. मी पट्टी नेली नव्हती, तिथं त्यांची होतीच.

त्या परत आल्या तेव्हा आईची जागा गेलेली होती. ती म्हणाली, दुसऱ्या गेटवर दुसरा ठेकेदार आहे, बघू. मध्ये काही आठवडे गेले. पोर रोज अंगणवाडीत यायची आणि मी आधी तिला भरवायचे, मग बाकीच्यांना. मदतनीस बाई चिडवायच्या, "ही तुमची लाडकी." असू दे, म्हणायचे मी.

मग पुन्हा पट्टी लावायचा दिवस आला. आई मुद्दाम थांबली होती. मी दंडाला पट्टी गुंडाळली, बोट फिरवलं. पोरीला गुदगुल्या झाल्या आणि तिनं हात ओढला, म्हणून पुन्हा गुंडाळली. पिवळा आला. हिरवा नव्हे, पण लाल नव्हता. मला इतकं रडू आलं की मदतनीस बाई पळत आल्या. आईनंही डोळ्याला पदर लावला, पोरीचा मुका घेतला, तिला कडेवर घेतलं आणि दारापर्यंत गेली. तिथून वळली.

"ताई, त्या तिकडच्या पोरीचा आता कंचा रंग हाय?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही गं."

"मग कुणाला तरी विचारा की," ती म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट बघत तिथंच उभी राहिली.